मुलीला शिबिराला पाठवावं का?

मैत्रिणींनो, कॉलेजातली लेक सात दिवसांच्या शिबिराला निघाली, की आईच्या पोटात गोळा येतो. पण राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. मुलं तिथं सहलीला जात नाहीत.

आपल्या अजिंठ्याची वाघूरच घ्या. डोंगरातून निघून ती तापीला मिळते. पावसाचं पाणी उतारावरून झरझर निघून जातं. ते अडवायला मुलं गावकऱ्यांच्या जोडीनं वनराई बंधारा घालतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरायची, ओढ्यात आडव्या रचायच्या. अडलेलं पाणी मुरतं, आसपासच्या विहिरींना उतरतं. तेवढ्याच बायकांच्या हंड्याच्या खेपा वाचतात!

मुक्काम कुठं, सोबत प्राध्यापिका आहेत ना, एवढं विचारा अन् खुशाल पाठवा. घरातल्या रिकाम्या गोण्याही द्या. पण पावसाळा सरताच, ओढा वाहता आहे तोवर.