लाइव्हच्या जाहिरातींवर घर चालत नाही

मा. संपादक,

शंकरपट (बैलांच्या शर्यती), कीर्तन, कबड्डीचे सामने मोबाईलवरून लाइव्ह दाखवले की पोरांना घरबसल्या जाहिरातीचे पैसे सुरू होतात, हे आपल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे अर्धेच खरे आहे. यूट्यूब जाहिरात उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा देते, हे कबूल. पण त्याआधी १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तासांचा पाहण्याचा वेळ लागतो. दोन तासांचा पट सरासरी ४० जणांनी पाहिला तर ८० तास भरतात. म्हणजे वर्षाला असे ५० कार्यक्रम हवेत, आणि पटाचा हंगाम काही बारमाही नसतो. त्यातच मंडपातल्या भोंग्यावर सिनेमाचे गाणे लागले, तर त्या व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडे वळू शकते. शिवाय खात्यात १०० डॉलर साचेपर्यंत पैसे हाती पडत नाहीत.

सुपर चॅटला (लाइव्हमध्ये प्रेक्षकांनी पैसे देऊन पाठवलेले संदेश) ५०० सबस्क्रायबर पुरतात आणि वाटाही ७० टक्के मिळतो, असे कोणी म्हणेल. पण लाइव्हवाल्याला तिथेही ३,००० तास भरावेच लागतात. त्यापेक्षा जाहिरातदार म्हणून अकोटचे कृषी केंद्र किंवा ट्रॅक्टर विक्रेता जवळचा. त्याला मुंबईचे लाखभर प्रेक्षक नकोत, पंचक्रोशीतली दोनशे गिऱ्हाइके पुरेत. दर आधी ठरवावा, पावती द्यावी आणि ‘जाहिरात’ असे पडद्यावर स्पष्ट लिहावे. नव्या पोरांनी कर्ज काढून कॅमेरा घेण्याआधी हा हिशेब जरूर मांडावा.

– एक वाचक, अकोट (जि. अकोला)