टंचाईतली टीम

शनिवारची सकाळ, दुसरा चहा, आणि मी ऐंशी वर्षांपूर्वीचे बास्केटबॉलचे निकाल वाचत बसलोय. खरं तर मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण एका तक्त्यातली एक ओळ दिसली आणि पूर्ण वीकेंड तिच्यातच गेला. शिकागो स्टुडबेकर्स, सीझन १९४२-४३, सामने जिंकले ८, हरले १५. पुढच्या वर्षीच्या तक्त्यात टीमच नाही. संपलं.

स्टुडबेकर म्हणजे मोटारीवाले. घोडागाड्या बनवण्यापासून सुरुवात केलेली इंडियानातली जुनी कंपनी. तेव्हाच्या अमेरिकेत कंपनीची बास्केटबॉल टीम असणं यात नवल काही नव्हतं. नॅशनल बास्केटबॉल लीग १९३७ साली सुरू झाली तीच मुळी गुडइयर, फायरस्टोन, जनरल इलेक्ट्रिक यांच्या टीम घेऊन. (आपल्याकडे टाइम्स शील्डमध्ये टाटा, मफतलाल, निरलॉन खेळायचे ना, साधारण तसंच. गावसकर निरलॉनचे, हे आमच्या बाबांच्या पिढीला कंपनीच्या मालापेक्षा जास्त पाठ.) पण ही लीग गोऱ्यांची होती. तसा लेखी नियम वगैरे नसेलही, पण असल्या गोष्टींना नियम लागतोच कुठे.

मग युद्ध आलं. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बर, आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत सामान्य गिऱ्हाइकासाठी मोटारी बनवणंच बंद. स्टुडबेकर बी-१७ बाँबर विमानांची इंजिनं बनवायला लागली. युद्ध संपेपर्यंत साठ हजारांहून जास्त. पोरं सैन्यात गेली आणि लीगमध्ये उरल्या पाच टीम. त्यातली टोलेडोची टीम एका शेवरोलेट डीलरच्या नावावर चालायची. आता बघा, डीलरकडे विकायला नवी गाडी नाही आणि टीमकडे खेळायला खेळाडू नाहीत! त्यांनी कृष्णवर्णीय खेळाडू घेतले, चार सामने खेळले, चारही हरले आणि गाशा गुंडाळला.

शिकागोची गोष्ट जास्त रंगतदार आहे. तिथल्या स्टुडबेकर कारखान्यात नोकरी करणाऱ्या खेळाडूंची ही टीम, पाठीशी यूएडब्ल्यू ही वाहन कामगारांची संघटना. युद्धसामग्रीच्या कारखान्यातली नोकरी म्हणजे सक्तीच्या भरतीतून सूट. त्यामुळे चांगले खेळाडू तिथे गोळा झाले. सॉनी बॉसवेल, ड्यूक कंबरलँड, बर्नी प्राइस, रूझी हडसन हे आधी हार्लेम ग्लोबट्रॉटर्समध्ये गाजलेले कृष्णवर्णीय खेळाडू. सोबत लोयोला कॉलेजचा माइक नोवाक, पावणेसात फूट उंच, आणि डिक इव्हान्स वगैरे गोरे. आणि हे गडी काही कुणाच्या जागी नाइलाजाने उभे केलेले नव्हते. ग्लोबट्रॉटर्सनी १९४० ची जागतिक व्यावसायिक स्पर्धा जिंकली तेव्हा स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू होता बॉसवेलच.

ही गोष्ट सांगायच्या दोन पद्धती आहेत आणि मला दोन्ही पटत नाहीत. पहिली गोडगोड: युद्धाने माणसं जवळ आणली, खेळाने भिंती पाडल्या. दुसरी कडवट: छे हो, माणसं कमी पडली म्हणून घेतलं, मन कुठे बदललं होतं? पहिलीबद्दल काय बोलायचं. पण दुसरी हुशार वाटते म्हणून जास्त फसवी. कारखान्याचं दार नुसत्या टंचाईने उघडलं नव्हतं. ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा काढायची धमकी दिली, म्हणून जून १९४१ मध्ये रूझवेल्टनी संरक्षण उद्योगातल्या नोकऱ्यांत वंशभेद करायला बंदी घालणारा आदेश काढला. तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. माणसं हवीत हे कळणं वेगळं आणि ती माणसं आत घेणं वेगळं. मधल्या जागेत कुणीतरी भांडलेलं असतं.

यावर मी इतका का तापतोय? कारण मी स्वतः टंचाईतूनच आत आलेला माणूस. १९९८ साल, वायटूके जोरात. सांगलीकडच्या कॉलेजातून मेकॅनिकल केलेलं, इंग्रजी दिव्य. एरवी कंपनीच्या गेटवरच्या वॉचमननेही विचारलं नसतं. दोन महिने कोबोल शिकवलं आणि बसवलं कामाला. पुढे २००१ मध्ये मंदी आली आणि मग एक गंमत लक्षात यायला लागली. कॉम्प्युटरवाल्याने चूक केली की तो बग. आम्ही केली की "मेकॅनिकलवाल्यांचं हे असंच." एकदा रात्रीच्या बॅचजॉबवरून माझी आणि एका सहकाऱ्याची चांगली जुंपली. विषय होता एका फाइलच्या फॉरमॅटचा. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने आम्हाला केबिनमध्ये बोलावलं आणि "वेगवेगळ्या बॅकग्राउंडच्या लोकांनी" कसं जुळवून घ्यावं यावर अर्धा तास ऐकवलं. अहो, फाइल!

(डिग्रीवरून टोमणा आणि कातडीवरून हॉटेलचं दार बंद होणं यांची बरोबरी मी करत नाहीये. माझं दुखणं त्यांच्यापुढे काहीच नाही. पण जात एकच वाटते.)

तर स्टुडबेकर्सची टीम मोडली तेव्हाही नेमकं हेच झालं. नोवाक आणि बॉसवेल यांचं वाजलं. लगेच निष्कर्ष तयार: बघा, गोरे-काळे एकत्र नांदत नाहीत. टीममधल्यांनी मात्र नंतर सांगितलं की भांडण रंगाचं नव्हतंच, बॉसवेल बॉल पासच करत नाही याचं होतं. म्हणजे दर रविवारी प्रत्येक सोसायटीच्या ग्राउंडवर होतं तेच. माझ्या मते बरोबरीची खरी खूण बरोबर खेळायला मिळणं ही नाही. फालतू कारणावरून भांडता येणं आणि ते भांडण तेवढ्यापुरतंच राहणं, ही आहे. गोऱ्या टीम आपसात भांडल्या, हरल्या, मोडल्या. तेव्हा गोऱ्यांनी बास्केटबॉल खेळावं का असं कुणी विचारलं नाही. १५ सामने हरणं हा फार तर त्या १५ सामन्यांचा दोष.

त्याच मोसमात, १९४३ च्या जागतिक स्पर्धेत, वॉशिंग्टन बेअर्स या संपूर्ण कृष्णवर्णीय टीमने ऑशकॉशच्या गोऱ्या टीमला फायनलमध्ये हरवलं. तेव्हा 'जमत नाही' हा मुद्दा मैदानावर तरी निकालात निघाला होता.

त्या पाचातली फोर्ट वेनची टीम झोलनर नावाच्या पिस्टन बनवणाऱ्या कंपनीची. ती १९५७ मध्ये डेट्रॉइटला गेली आणि आजही डेट्रॉइट पिस्टन्स म्हणून खेळते. कारखाना नावात राहून गेला. स्टुडबेकरने १९६६ मध्ये मोटारी बनवणं थांबवलं. आणि एनबीए आपला इतिहास मोजते १९४६ पासून, म्हणजे युद्ध संपल्यानंतर. त्यामुळे तिच्या हिशेबात पहिले कृष्णवर्णीय खेळाडू येतात ते १९५० मध्ये: अर्ल लॉइड, चक कूपर, नॅट क्लिफ्टन. बॉसवेल आणि मंडळींचे ते २३ सामने त्या हिशेबाच्या बाहेर, जुन्या लीगच्या तक्त्यात, एका ओळीत.