फॉरमॅट फाइल सापडत नाही? टेक लाइव्ह लगेच उडवू नका

प्रबंध लिहायचा, प्रश्नपत्रिका काढायची किंवा कवितांचे पुस्तक नीट मांडायचे म्हणून तुम्ही लिनक्सवर टेक लाइव्ह बसवले. पहिलीच फाइल चालवली आणि पडद्यावर ओळ उमटली: ‘आय कान्ट फाइंड द फॉरमॅट फाइल पीडीएफलाटेक डॉट एफएमटी’.

घाबरू नका. तुमची फाइल शाबूत आहे. खरे तर तिच्यातला एकही शब्द अजून वाचलाच गेलेला नाही, त्याआधीच काम अडले आहे. म्हणून लिखाणात चूक शोधत रात्र घालवू नका.

आणि सगळे उडवून पुन्हा बसवायलाही धावू नका. पूर्ण संच कित्येक जीबींचा असतो. मोबाइलच्या नेटवर उतरवलात तर डेटा संपेल आणि दोष बहुधा जागच्या जागी राहील.

नेमके काय हरवले आहे ते आधी समजून घ्या. डोनाल्ड नूथ यांनी १९७८ मध्ये टेक तयार केले. त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात लाटेक रचले. लाटेक म्हणजे हजारो ओळींच्या सूचना. प्रत्येक वेळी त्या पहिल्यापासून वाचायच्या तर वेळ जातो. म्हणून त्या एकदाच वाचून तयार स्वरूपात साठवून ठेवतात. ही साठवण म्हणजे फॉरमॅट फाइल. दिवाळीआधी चकलीची भाजणी दळून डब्यात भरून ठेवतो, तसेच हे. धान्य तुमच्या घरात आले आहे, दळण तेवढे राहिले आहे.

दळण का राहते? बहुतेक वेळा बसवण्याचे काम अर्धवट सुटते म्हणून. उबुंटू किंवा डेबियनवर टेक लाइव्ह बसताना एका टप्प्यावर ‘प्रीजनरेटिंग कॉन्टेक्स्ट’ अशी ओळ येते आणि पुढे काही हलतच नाही. माणसाला वाटते, अडकले. तो खिडकी बंद करतो. दुसरे कारण म्हणजे डिस्क भरलेली असणे. जुन्या लॅपटॉपवर हे फार होते.

तेव्हा आधी जागा पाहा. टर्मिनल उघडा आणि इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा: डीएफ, जागा सोडून आडवी रेघ आणि तिला चिकटून एच. मुख्य विभाग शंभर टक्के भरला असेल तर आधी काही गिगाबाइट मोकळे करा. त्याशिवाय पुढचे काहीही टिकणार नाही.

मग अर्धवट राहिलेले काम पुरे करून घ्या. उबुंटू, डेबियन किंवा मिंट असेल तर: सुडो, डीपीकेजी, दोन आडव्या रेघा व त्यांना चिकटून कॉन्फिगर, मग आडवी रेघ आणि ए. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही दिसत नाही, ते तसेच असते. हे चालू असताना खिडकी बंद करू नका. चहा करून घ्या. पुष्कळांचा प्रश्न इथेच सुटतो.

सुटला नाही तर फाइल खरोखर नाही का, हे संगणकालाच विचारा. त्यासाठी केपीएसई-व्हिच नावाची कमांड आहे. के, पी, एस, ई आणि लगेच व्हिच, सगळे एकत्र, मध्ये रेघ नाही. इथे एक मेख आहे. नुसते नाव विचारले तर फाइल असूनही उत्तर कोरे येते, कारण या फाइली इंजिनाच्या, म्हणजे फाइल चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, नावाच्या वेगळ्या फोल्डरांत ठेवलेल्या असतात. म्हणून कमांडनंतर जागा सोडून आडवी रेघ, इंजिन, बरोबरचे चिन्ह आणि एक तिरकी रेघ द्या. मग जागा सोडून पीडीएफलाटेक डॉट एफएमटी. मार्ग छापून आला तर फाइल आहे. काहीच आले नाही तर ती बनवायची आहे.

बनवायची कमांड अशी: सुडो, मग एफएमटीयुटिल, आडवी रेघ, सिस, जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि ऑल. सगळे फॉरमॅट एकदम तयार होतात. काही मिनिटे लागतील, ओळी भराभर धावतील. शेवटी आपली फाइल पुन्हा चालवून पाहा.

याच कमांडीची एक जुळी बहीण आहे. तिच्यात सिसच्या जागी युजर असते. पासवर्ड मागत नाही म्हणून ती सोयीची वाटते. तरी तुम्ही ती टाळा. तिने बनवलेली फाइल तुमच्या घरच्या फोल्डरात बसते आणि नेहमी तीच आधी उचलली जाते. पुढे सिस्टीम अपडेट होते, तिच्यातले फॉरमॅट नवे होतात, तुमचे मात्र जुनेच राहते. सहा महिन्यांनी, नेमके प्रबंध सादर करायच्या आठवड्यात, विचित्र चुका यायला लागतात आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. असे आधीच झाले असेल तर घरच्या फोल्डरात टिंबाने सुरू होणारे, टेकलाइव्ह आणि साल अशा नावाचे लपलेले फोल्डर शोधा. त्यातल्या टेक्सएमएफ-व्हार या फोल्डरचे नाव बदलून ठेवा. पुसू नका. सगळे सुरळीत चालले की मग पुसा.

मित्राच्या संगणकावरून एफएमटी फाइल उचलून आणू नका. ती ज्या इंजिनाने बनवली त्याच्याशीच जुळते. आवृत्ती वेगळी असली तर तुमचे इंजिन ती नाकारते.

संगणकावर दोन टेक लाइव्ह असतील तर गोंधळ होतोच. एक लिनक्सबरोबर आलेले, दुसरे तुम्ही स्वतः उतरवलेले. अशा वेळी सुडो लावले की बहुधा लिनक्सबरोबर आलेलीच कमांड चालते, तुम्ही उतरवलेली नाही, कारण सुडो स्वतःच्या ठरलेल्या वाटांवरच शोधते. तिला पूर्ण मार्ग लिहून द्या. माझे मत विचाराल तर दोन्हींपैकी एकच ठेवा. घरच्या वापराला लिनक्सबरोबरचे पुरते.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. देवनागरीसाठी तुम्ही बहुधा झीलाटेक वापराल. त्याचा फॉरमॅट वेगळा असतो आणि पीडीएफलाटेक सुरू झाले म्हणून तो असेलच असे नाही. ओळीच्या शेवटी मराठी शब्द कुठे तोडायचे याचे नियमही त्याच फॉरमॅटमध्ये भरलेले असतात. म्हणून भारतीय भाषांचे पॅकेज नंतर बसवलेत आणि शब्द भलतीकडेच तुटू लागले, तर वरची सिसवाली कमांड पुन्हा एकदा चालवा.

एवढे करूनही फॉरमॅट बनला नाही, तर पडद्यावर शेवटी काय आले एवढेच वाचू नका. वर सरका आणि पहिली चूक शोधा. ‘लाटेक डॉट एलटीएक्स’ सापडत नाही असे असेल तर मूळ लाटेकचे पॅकेजच आलेले नाही, ते बसवा. डेबियन आणि उबुंटूवर अपयशाची सगळी नोंद टीएमपी फोल्डरात एफएमटीयुटिल नावाने सुरू होणाऱ्या फाइलीत राहते. संगणक बंद करून चालू केला की ती जाऊ शकते, म्हणून लगेच दुसरीकडे उतरवून ठेवा.

मदत मागायला जाल तेव्हा तीच फाइल सोबत न्या. लिनक्स कोणते, टेक लाइव्ह कोणत्या सालचे आणि कुठून बसवले, या तिन्ही गोष्टी लिहून द्या. कुणी अनोळखी माणसाने सुडो आणि आरएम असलेली कमांड दिली, तर ती काय पुसणार आहे हे समजल्याशिवाय एंटर दाबू नका. आणि तुमच्या लिखाणाची एक प्रत आजच पेनड्राइव्हवर काढून ठेवा.