कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना हेही शिकवा

नालासोपारा-विरारच्या चाळींतून मध्यरात्री आजारी माणसाला उचलून नेण्याची पाळी बहुतेक घरांवर कधी ना कधी येते. कॅन्सर शेवटच्या टप्प्यात असतो किंवा किडन्या निकामी झालेल्या असतात. दम लागतो, वेदना सोसवत नाहीत. घरचे घाबरून जवळचे रुग्णालय गाठतात. त्या वेळी कॅज्युअल्टीत बहुधा नुकताच पास झालेला तरुण डॉक्टर असतो. तो घशात नळी घालतो, नाहीतर ‘मुंबईला न्या’ म्हणून चिठ्ठी देतो. मग महामार्गाने वर्सोवा पूल ओलांडायचा आणि रुग्णालयामागून रुग्णालये पालथी घालायची. कधी वाटेतच सारे संपते. मागे उरते कर्ज.

यात त्या पोराचा दोष नाही. जीव कसा वाचवावा हे त्याला शिकवले. जो वाचणार नाही त्याच्या यातना कशा कमी कराव्यात, हे शिकवले का? यालाच पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. हे उपचार सोडून देणे नव्हे. आजार बरा होत नसला तरी दुखणे, दम, उलटी, घालमेल यांवर इलाज करणे, हाही उपचारच आहे.

महाराष्ट्राला हे नवे नाही. डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ साली वांद्र्याला शांती अवेदना सदन काढले. ते देशातले पहिले हॉस्पिस. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये २०१२ पासून या विषयाची एम.डी. पदवी आहे. मॉर्फिन मिळणे सोपे व्हावे म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलला. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमातही हा विषय आहे. पण पुस्तकातला धडा वेगळा आणि रात्री दोनची कॅज्युअल्टी वेगळी.

म्हणून आमचे म्हणणे असे की, इंटर्न डॉक्टर कॅज्युअल्टीत काम करतात तेव्हाच त्यांना तीन गोष्टी हाताला धरून शिकवाव्यात. पहिली, दम लागलेल्याला टेकून बसवणे, तोंडावर पंख्याचा वारा देणे आणि मॉर्फिन योग्य मात्रेत न घाबरता देणे. दुसरी, नळी घालण्याआधी रुग्णाची इच्छा विचारणे. तिसरी, घरच्यांजवळ बसून बोलणे. त्यांना आजाराची किती कल्पना आहे ते आधी विचारावे, मग खरे काय ते सोप्या शब्दांत सांगावे.

आपणही काही करायचे आहे. जुने कागद, औषधांची यादी एका फायलीत ठेवा. घरात माणूस शुद्धीवर असतानाच त्याला काय हवे ते विचारा. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी अशी इच्छा लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. २४ जानेवारी २०२३ रोजी पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते. आणि डॉक्टरांना बिनधास्त विचारा, “याचे दुखणे कमी करायला काय देता?”

जन्मभर कष्ट उपसलेल्या माणसाला शेवटच्या रात्री वेदनेने तळमळावे लागू नये, एवढीच ही मागणी आहे. वसई-विरारच्या प्रत्येक कॅज्युअल्टीत ती पोचली पाहिजे.