फिट पाहणाऱ्यालाही गाडीत बसवा

यंत्रमागांच्या माधवनगरात राहून मी तेवीस वर्षं एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत सिस्टर म्हणून काम केलं. 'फिट आली' म्हणून कुणाला आणलं की मी विचारायचे, "पडताना कुणी बघितलं?" उत्तर ठरलेलं: "आम्हाला फोन आला, आम्ही घेऊन आलो." बघणारा मागावरच असायचा. पाळी सुटलेली नसायची.

मागांची देखभाल करणारा एक जॉबर अजून डोळ्यांसमोर आहे. चाळिशीतला, पहिल्यांदाच पडलेला. सोबत मेहुणा. कांदा हुंगवला, मुठीत किल्ल्या दिल्या, एवढंच त्याला ठाऊक. रक्तातली साखर तपासली, सीटी स्कॅन झाला, दोन्ही ठीक. केसपेपरवर 'मिरगी' लिहून गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभराने त्याच्या शेजारच्या मागावरचा पोरगा मला बाजारात भेटला. "सिस्टर, ते उभ्याउभ्या पांढरेफटक झाले, घामाने भिजले, मग कोसळले. दोन-चार झटके आले आणि लगेच पाणी मागितलं की."

माझ्या अंगावर काटा आला. फिटनंतर माणूस बराच वेळ भांबावलेला असतो, बऱ्याचदा जिभेची कड चावली जाते. हा तर लगेच शुद्धीवर आला होता! ईसीजी कुणी काढलाच नव्हता. तो काढल्यावर कळलं, दुखणं मेंदूचं नव्हतं, हृदयाचे ठोके मध्येच थांबत होते.

आणि खरीच फिट असली तरी एका फिटने मिरगी ठरतेच असं नाही. साखर किंवा सोडियम उतरलं, रोजची दारू एकदम सुटली, तरी फिट येते. कारण सापडलं नाही, तर पुढच्या दोन वर्षांत ती पुन्हा येण्याची शक्यता 21 ते 45 टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांना त्या काळात दुसरी येतच नाही. पण कागदावरचा तो शब्द नोकरीत आणि सोयरिकीत आडवा येतो. 1999 पर्यंत तर हिंदू विवाह कायद्यातही मिरगीवरून लग्न रद्द करता येत होतं.

म्हणून माझं मागणं आहे: केसपेपरवर पाहणाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर लिहायला रकाना हवा. तो आला नसेल, तर गोळ्या लिहिण्याआधी डॉक्टरांनी त्याला फोन करावा. पाहणाऱ्याने रुग्णाला कुशीवर वळवावं, घड्याळ बघावं, दुसऱ्या कुणाला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगावं. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर 108 ला फोन करावा.

आणि कारखानदारांनो, त्या पोराला गाडीत बसवा. त्याच्या पाळीची मजुरी कापू नका.