धावणाऱ्या पोरांच्या छातीत कोणती हवा?

चंद्रपूरच्या एखाद्या मोठ्या रस्त्यावर पहाटे पाचला उभे राहा. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतील. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. त्यात आपल्या वस्त्यांतील पोरेही आहेत. जवळ मैदान नाही म्हणून रस्ता, आणि त्याच रस्त्यावरून कोळशाचे ट्रक. हेच चंद्रपूर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत टाकले होते.

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जोरात धावताना हीच हवा दहापट होते. दम लागला की तोंडाने श्वास सुरू होतो आणि नाकाची गाळणी निकामी ठरते. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात. श्वासनलिका सुजते, रक्तवाहिन्या आकसतात. वाहनांच्या धुरातील कार्बन मोनॉक्साईड रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. म्हणजे जास्तीत जास्त प्राणवायू हवा, नेमका तेव्हाच तो कमी मिळतो.

पहाटेची हवा शुद्ध, हा समजही हिवाळ्यात खोटा ठरतो. थंड हवा जमिनीलगत साचते आणि रात्रभराचा धूर तिच्यात कोंडून राहतो. ऊन तापल्यावरच तो वर उठतो.

आता कायद्याचे पाहू. शुद्ध हवा हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाषकुमार खटल्यात सांगितले. मात्र आपले २००९ चे मानक चोवीस तासांसाठी या बारीक कणांचे ६० मायक्रोग्रॅम चालवून घेते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५ ची आहे. शिवाय हे मानक घनमीटर हवेतील कण मोजते, कोणाच्या छातीत किती गेले हे मोजत नाही. काचा लावून गाडीत बसलेला साहेब आणि रस्ता झाडणारा सफाई कामगार, पोती वाहणारा हमाल, धावणारी पोरगी यांना एकच आकडा! कागदावरची ही समता छातीत शिरताना विषमता होते. जो घाम गाळतो, तोच जास्त विष पितो.

म्हणून व्यायाम सोडा, असे मी म्हणणार नाही. नोकरी हवी तर धावावेच लागेल. पण पोरांनो, हिवाळ्यात शक्य तर दुपारी तीन-चारच्या सुमारास धावा. हमरस्ता सोडून शे-दोनशे मीटर आत जा, तेथे धूर बराच कमी होतो. छातीत शीळ वाजली, आवळल्यासारखे झाले तर थांबा, डॉक्टरला दाखवा.

आणि मोठ्यांनी वस्तीसाठी मैदान मागावे, कोळशाच्या ट्रकवर ताडपत्री मागावी, झाडणाऱ्या हातांना मास्क आणि धूळ न उडवणारी यंत्रे मागावीत. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. हवा ही कोणाची मेहेरबानी नाही, तो आपला हक्क आहे.