वाटीतले पचन

सहा महिने पूर्ण झाले की बाळाला पेज सुरू होते. ती घट्ट असली तर बाळ तोंड फिरवते, म्हणून आई पाणी घालते. मग बाळ वाटी संपवते, पण त्यात पीठ कमी आणि पाणीच जास्त असते. या वयात पोटात एका वेळी जेमतेम वाटीभर अन्न मावते. ती जागा पाण्याने भरली तर वजन वाढणार कसे?

यावरचा एक उपाय मोड आलेल्या धान्यात आहे. दाण्यातला स्टार्च अंकुराला जसाच्या तसा वापरता येत नाही. दाणा भिजून रुजू लागला की त्यात अमायलेज हे विकर तयार होते आणि स्टार्चच्या लांब साखळ्या तोडते. माणसाच्या लाळेत व स्वादुपिंडाच्या रसातही याच कामाचे विकर असते. १८३३ मध्ये पायेन आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या जवापासून असे विकर वेगळे काढले.

त्याचे काम घरीही पाहता येते. तांदळाच्या पिठाची घट्ट पेज दोन वाट्यांत घ्यावी. मोड आणून वाळवलेल्या नाचणीचे पीठ पाण्यात कालवून पेज गरम असतानाच एका वाटीत चमचाभर घालावे. दुसरीत तेच कालवण आधी खळखळून उकळून घालावे. दहा-पंधरा मिनिटांत पहिली पेज ओघळू लागते, दुसरी घट्टच राहते, कारण उकळल्याने विकर निकामी झालेले असते. पेज गार झाल्यावर आयोडिनचा थेंब टाकला तर दुसरी गडद निळी होते, पहिलीतला निळा रंग फिका पडतो. आयोडिन टाकलेली पेज मात्र फेकूनच द्यावी.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हेच तत्त्व बालआहारासाठी वापरले. पाणी न वाढवता पेज पातळ होते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ शिजवता येते.

काही पथ्ये पाळावीत. मोड आलेले धान्य लवकर वाळवावे, खरपूस भाजू नये. उकळती पेज खाली उतरवून थोडी निवल्यावर पीठ मिसळावे. ओलाव्यात जंतू वाढतात, म्हणून पातळ झालेली पेज दोन मिनिटे पुन्हा उकळावी. तोवर विकराचे काम झालेले असते. ज्वारीच्या कोंबांत सायनाइड तयार करणारा घटक असतो, म्हणून नाचणी किंवा गहू घ्यावा. आणि पेज म्हणजे पूर्ण आहार नव्हे. डाळ, तूप, भाजी, चालत असल्यास अंडे आणि स्तनपान हवेच.

अंगणवाडीत वजनाच्या दिवशी आया जमतात, तेव्हा या दोन वाट्या समोर ठेवाव्यात. ‘पेजेत पाणी घालू नका’ एवढे सांगून भागत नाही. घट्ट पेज बाळाला गिळता येत नाही, ही त्या आईची अडचण खरी असते. पाण्याशिवाय पेज सैल झालेली तिने स्वतः पाहिली, तर घरी ती तशीच करील.